सहीचा अधिकार आणि पदवीचा मान : लेखाशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणाची ऐतिहासिक वाटचाल

प्रस्तावना

वाणिज्य शाखेतील पदव्युत्तर शिक्षण म्हणजे एम.कॉम. ही समजूत महाराष्ट्रातील महाविद्यालयांत रूढ आहे. त्यातही लेखाशास्त्र हा विशेष विषय घेणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या नेहमीच लक्षणीय राहिली आहे. परंतु हा अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्या विद्यार्थ्याला एका विसंगतीला सामोरे जावे लागते. लेखापरीक्षणाचे तत्त्व, पद्धती आणि कायदा यांचा पाच वर्षे अभ्यास करूनही कोणत्याही कंपनीच्या ताळेबंदाखाली लेखापरीक्षक म्हणून सही करण्याचा अधिकार त्याला प्राप्त होत नाही. हा अधिकार सनदी लेखापालाकडे असतो आणि ती सनद विद्यापीठाकडून मिळत नाही. वैद्यक, विधी किंवा अभियांत्रिकी या शाखांत व्यवसायाचे दार विद्यापीठाच्या पदवीतूनच उघडते. लेखाशास्त्रात मात्र पदवी आणि परवाना यांचे रस्ते वेगळे आहेत.

हे रस्ते केव्हा व कोणत्या कारणांनी वेगळे झाले, आणि त्यामुळे लेखाशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणाला कोणते स्वरूप आले, याचा मुंबई इलाखा व नंतरचा महाराष्ट्र यांच्या संदर्भात मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. एम.कॉम.च्या आजच्या अवस्थेविषयी जी चर्चा होते ती बहुधा अभ्यासक्रमाची पुनर्रचना, गुणदान आणि प्रवेशसंख्या यांभोवती फिरते. या प्रश्नाचे मूळ मात्र १९१३ ते १९४९ या कालखंडातील काही कायदेशीर निर्णयांत आहे, असे येथे दाखविण्याचा प्रयत्न केला आहे.

देशी जमाखर्चाची परंपरा

मराठी मुलखाला हिशेबाचे शास्त्र इंग्रजांनी शिकविले असे म्हणता येणार नाही. शिवकालीन अष्टप्रधानांतील अमात्य अथवा मजुमदार हा राज्याच्या जमाखर्चावर देखरेख करणारा अधिकारी होता. पेशवाईत दरकदारांची जी श्रेणी स्थिर झाली तीत मजुमदार, फडणीस, पोतनीस व जामदार यांच्याकडे हिशेब आणि खजिना यांच्या निरनिराळ्या बाजू सोपविलेल्या होत्या. लिहिणारा, तपासणारा आणि रोकड सांभाळणारा यांना एकमेकांपासून वेगळे ठेवण्याचे जे तत्त्व आज अंतर्गत नियंत्रण या नावाने शिकविले जाते, त्याची व्यावहारिक जाण या रचनेत स्पष्ट दिसते. पुणे येथील पेशवे दफ्तरात मोडी लिपीतील हिशेबाचे प्रचंड साहित्य आजही जतन केलेले आहे.

व्यापाऱ्यांची परंपरा याहून निराळी होती. कीर्द, खतावणी, तेरीज या क्रमाने चालणारी वहीखात्याची पद्धत पेढीवर शिकली जाई. मुलगा पेढीवर बसे, आधी बेरजा करी, मग कीर्द लिही आणि काही वर्षांनी खतावणीला हात लावी. या शिक्षणाला परीक्षा नव्हती आणि प्रमाणपत्रही नव्हते. पेढीची पत हेच शिकणाऱ्याचे प्रमाणपत्र होते. दरबार आणि पेढी या दोन्ही ठिकाणी हिशेबाचे ज्ञान उमेदवारीतून मिळे, पुस्तकातून मिळत नसे, ही बाब पुढील इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

संयुक्त भांडवल आणि परक्या माणसाचा पैसा

पेढीवर मालक स्वतःच्या पैशाचा हिशेब स्वतःसाठी ठेवी. संयुक्त भांडवली कंपन्यांच्या आगमनाने ही स्थिती पालटली. १८५० मध्ये कंपन्यांच्या नोंदणीचा पहिला कायदा झाला, १८५७ मध्ये दुसरा कायदा आला आणि १८६६ च्या कायद्याने हिशेब ठेवणे व त्यांचे परीक्षण यासंबंधी तरतुदी केल्या. याच सुमारास कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईत कापडगिरणीची कंपनी स्थापन केली आणि पुढील दशकांत गिरण्यांचे भाग खरेदी करणारा मध्यमवर्ग शहरात उभा राहिला. १८६५ मध्ये अमेरिकन यादवी युद्ध संपताच कापसाचे भाव कोसळले, शेअरबाजार गडगडला आणि आपला पैसा दुसऱ्याच्या हाती देऊन त्याच्या हिशेबावर विसंबणे किती धोक्याचे असते याचा मुंबईला प्रथमच अनुभव आला.

तरीही लेखापरीक्षक कोणाला म्हणावे याचा काटेकोर निकष अद्याप नव्हता. गोऱ्या व्यापारी पेढ्या विलायतेतील सनदी लेखापालांकडे जात. एडिंबरा येथील लेखापालांच्या संस्थेला १८५४ मध्ये राजसनद मिळाली होती आणि इंग्लंड व वेल्स यांच्या संस्थेला १८८० मध्ये. या संस्थांचे शिक्षण विद्यापीठाबाहेरचे होते. अनुभवी लेखापालाच्या हाताखाली करारबद्ध उमेदवारी आणि संस्थेची परीक्षा हे त्याचे दोन आधार होते. हिंदुस्थानात पुढे जे घडले त्यावर या ब्रिटिश नमुन्याची दाट छाया आहे.

वाणिज्य शिक्षणाचे प्रयत्नही याच काळात सुरू झाले. मद्रास येथे पचय्यप्पा धर्मादाय निधीच्या विश्वस्तांनी १८८६ मध्ये वाणिज्य शाळा काढली. मुंबईत एस. आर. दावर यांनी १९०० मध्ये वाणिज्याचे खासगी महाविद्यालय सुरू केले. या संस्था कारकून व हिशेबनीस घडवीत. पदवीच्या दर्जाचे शिक्षण देणे हा त्यांचा हेतू नव्हता.

१९१३ : एकाच वर्षातील तीन घटना

हिंदुस्थानातील लेखाशास्त्राच्या इतिहासात १९१३ हे वर्ष निर्णायक ठरते. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात मुंबईत सिडनॅम वाणिज्य व अर्थशास्त्र महाविद्यालय सुरू झाले. मुंबईचे माजी गव्हर्नर लॉर्ड सिडनॅम यांचे नाव त्याला देण्यात आले. आशियातील पहिले वाणिज्य महाविद्यालय म्हणून त्याचा उल्लेख केला जातो. मुंबई विद्यापीठाच्या बी.कॉम. पदवीचे शिक्षण येथून सुरू झाले.

त्याच वर्षी नवा कंपनी कायदा संमत झाला आणि १ एप्रिल १९१४ पासून तो अमलात आला. कोणती हिशेबपुस्तके ठेवावीत आणि लेखापरीक्षक कोणास होता येईल हे या कायद्याने प्रथमच नेमकेपणाने सांगितले.

तिसरी घटना दुःखद होती. सप्टेंबर १९१३ मध्ये पंजाबातील पीपल्स बँक बुडाली आणि वर्षअखेरीस मुंबईतील इंडियन स्पीशी बँकेने दिवाळे काढले. स्वदेशी चळवळीच्या उत्साहात सामान्य माणसाने ज्या बँकांत ठेवी ठेवल्या होत्या त्यांपैकी अनेक या लाटेत बुडाल्या. स्वतंत्र आणि जाणकार लेखापरीक्षकाची निकड यापेक्षा प्रखरपणे कोणत्याही समितीने मांडली नसती.

या तीन घटना एकत्र पाहिल्या म्हणजे एक शक्यता नजरेस येते. देशात लेखापरीक्षकांची गरज निर्माण झाली होती, कायदा तयार होता आणि विद्यापीठाचे वाणिज्य महाविद्यालयही उभे राहत होते. लेखापरीक्षकाचा परवाना विद्यापीठाच्या पदवीशी जोडणे अशक्य नव्हते. तसे झाले नाही. कायद्याने लेखापरीक्षकाची प्रमाणपत्रे देण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांना दिला.

नव्या महाविद्यालयाची रचनाही या दृष्टीने सूचक आहे. प्राचार्य पर्सी ॲन्स्टी हे अर्थशास्त्राचे अध्यापक होते. लेखाशास्त्राच्या अध्यापनाची घडी बसविण्याचे श्रेय मात्र के. एस. अय्यर यांच्याकडे जाते. ते मुंबईतील नामवंत व्यावसायिक लेखापाल होते आणि १८९७ पासून त्यांची पेढी चालत होती. १९१८ ते १९२० या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर याच महाविद्यालयात राजकीय अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. अर्थशास्त्राला विद्यापीठीय परंपरेतून आलेले अध्यापक लाभले, तर लेखाशास्त्राला व्यवसायातील माणसावर अवलंबून राहावे लागले. ज्ञानशाखा म्हणून लेखाशास्त्राचे स्वतंत्र घर विद्यापीठात आरंभापासूनच अपुरे राहिले.

मर्यादित प्रमाणपत्रे आणि भाषेचा प्रश्न

१९१४ च्या व्यवस्थेत प्रमाणपत्रे दोन प्रकारची होती. अनिर्बंध प्रमाणपत्रधारकाला संपूर्ण ब्रिटिश हिंदुस्थानात लेखापरीक्षण करता येई. मर्यादित प्रमाणपत्र केवळ त्या प्रांतापुरते आणि त्यात नमूद केलेल्या भाषांतील हिशेबांपुरते असे. या दुसऱ्या प्रकाराकडे अभ्यासकांनी फारसे लक्ष दिलेले नाही. देशी भाषांत लिहिलेल्या वह्या तपासणारा माणूस वेगळा असतो आणि त्याचेही ज्ञान कायद्याच्या दृष्टीने मान्य आहे, हे त्यात गृहीत होते. कीर्द-खतावणीच्या परंपरेला नव्या व्यवस्थेत मिळालेली ही अरुंद पण अधिकृत जागा होती.

१९२० मध्ये मर्यादित प्रमाणपत्रे देणे बंद झाले. एकरूप दर्जाच्या दृष्टीने हा निर्णय समर्थनीय मानता येईल. परंतु त्याबरोबरच देशी भाषेतील हिशेबविद्येचा परवान्याशी असलेला संबंध तुटला. विद्यापीठातही तिला स्थान नव्हते. पेढीवरचा हिशेबनीस दोन्ही दारांबाहेर राहिला.

मुंबई सरकारने १९१८ मध्ये शासकीय लेखाशास्त्र पदविका सुरू केली. मान्यताप्राप्त लेखापालाच्या हाताखाली तीन वर्षांची उमेदवारी आणि पात्रता परीक्षा या तिच्या अटी होत्या. ती मिळविणारा अनिर्बंध प्रमाणपत्रास पात्र ठरे. नावापुढे जी.डी.ए. ही अक्षरे लावणे ही मुंबईच्या लेखापालांच्या दृष्टीने प्रतिष्ठेची गोष्ट बनली. पदविका देणारे सरकार होते, विद्यापीठ नव्हे. आणि तिच्या केंद्रस्थानी वर्ग नव्हता, कार्यालय होते. ज्या शहरात देशातील पहिली वाणिज्य पदवी दिली जात होती त्याच शहरात, पाच वर्षांच्या आत, त्या पदवीला समांतर असा दुसरा मार्ग आखला गेला.

प्रांताकडून केंद्राकडे, केंद्राकडून संस्थेकडे

पुढील तीन दशकांत हा दुसरा मार्ग अधिकाधिक रुंद होत गेला. १९३० मध्ये हिंदुस्थान सरकारने लेखापालांची नोंदवही ठेवण्याचे ठरविले आणि नोंदणीकृत लेखापाल ही संज्ञा रूढ झाली. १९३२ मध्ये लेखापरीक्षक प्रमाणपत्र नियम लागू झाले, सरकारला सल्ला देण्यासाठी भारतीय लेखाशास्त्र मंडळ नेमले गेले आणि १९३३ मध्ये त्याखालील पहिली परीक्षा झाली. १९४३ मध्ये मुंबईची शासकीय पदविका बंद करण्यात आली. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये तज्ज्ञ समिती नेमली गेली, १ मे १९४९ रोजी सनदी लेखापाल अधिनियम संमत झाला आणि १ जुलै १९४९ पासून भारतीय सनदी लेखापाल संस्था अस्तित्वात आली. मुंबईचे जी. पी. कपाडिया हे तिचे पहिले अध्यक्ष होत. त्या वेळी सुमारे १,७०० असलेली सभासदसंख्या आज चार लाखांहून अधिक आहे.

वसाहतकालीन सरकारच्या नियंत्रणातून व्यवसायाला स्वायत्तता मिळाली, ही घटना निःसंशय अभिमानास्पद होती. तथापि तिचा एक परिणाम असा झाला की शिक्षण, परीक्षा, उमेदवारी आणि शिस्त हे सर्व अधिकार एकाच संस्थेकडे एकवटले व विद्यापीठाशी त्यांचा कोणताही घटनात्मक दुवा राहिला नाही. परिव्यय लेखापालांसाठी १९५९ मध्ये आणि कंपनी सचिवांसाठी १९८० मध्ये झालेल्या अधिनियमांनी हाच नमुना गिरविला. १९५६ च्या कंपनी अधिनियमाने कंपन्यांचे लेखापरीक्षण सनदी लेखापालांकडे ठेवले आणि प्राप्तिकर कायद्यात १९८४ मध्ये आलेल्या कर-लेखापरीक्षणाच्या तरतुदीने त्यांच्या सहीचे क्षेत्र आणखी विस्तारले.

एम.कॉम.चे बदलते स्थान

दरम्यान विद्यापीठीय वाणिज्य शिक्षणाचा विस्तार होत होता. वर्धा येथे १९४० मध्ये गोविंदराम सेकसरिया वाणिज्य महाविद्यालय, मुंबईत १९४१ मध्ये पोदार महाविद्यालय आणि पुण्यात १९४३ मध्ये बृहन्महाराष्ट्र वाणिज्य महाविद्यालय सुरू झाले. डॉ. आंबेडकरांनी स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५३ मध्ये मुंबईत सिद्धार्थ वाणिज्य व अर्थशास्त्र महाविद्यालय काढले. मराठवाडा विद्यापीठ १९५८ मध्ये आणि शिवाजी विद्यापीठ १९६२ मध्ये स्थापन झाल्यावर जिल्ह्याच्या गावांत वाणिज्य शाखा पोहोचली. मुंबई विद्यापीठाने १९७१ मध्ये पत्रद्वारा शिक्षण सुरू केले आणि नोकरी सांभाळून वाणिज्य शिकणाऱ्यांची सोय झाली.

या विस्ताराचे सामाजिक महत्त्व कमी लेखता येणार नाही. उमेदवारीसाठी लेखापालाची पेढी जवळ असावी लागे, तेथे ओळख असावी लागे आणि अल्प मोबदल्यावर काही वर्षे काढण्याची घरची ऐपत असावी लागे. ज्या तालुक्याच्या गावात अशी पेढीच नव्हती तेथील विद्यार्थ्याला, आणि बाहेरगावी राहण्याची मुभा नसलेल्या विद्यार्थिनीला, महाविद्यालयाचा वर्ग हाच खुला मार्ग होता. पदवी आणि परवाना यांतील दुरावा हा केवळ शैक्षणिक रचनेचा प्रश्न नसून संधीच्या वाटपाचाही प्रश्न आहे, हे यावरून ध्यानात येते.

मात्र या मार्गाच्या शेवटी कोणता व्यवसाय आहे, याचे स्पष्ट उत्तर एम.कॉम.पाशी नव्हते. व्यावहारिक उत्तर अध्यापनाने दिले. नवी महाविद्यालये निघत होती आणि त्यांना अधिव्याख्याते हवे होते. १९८९ पासून राष्ट्रीय पात्रता परीक्षा सुरू झाल्यावर पदव्युत्तर पदवी, पात्रता परीक्षा आणि नियुक्ती हा क्रम पक्का झाला. लेखाशास्त्राची उच्च पदवी लेखापाल घडविण्याऐवजी प्रामुख्याने लेखाशास्त्राचे शिक्षक घडवू लागली. अभ्यासक्रमावर मात्र छाप राहिली ती व्यावसायिक परीक्षेची. प्रगत वित्तीय लेखांकन, परिव्यय, लेखापरीक्षण, कर हे तेच विषय; त्यांत सनदी परीक्षेची कसोटी नव्हती आणि कार्यालयातला अनुभवही नव्हता. लेखाशास्त्राचा इतिहास, त्याचे तत्त्वज्ञान, हिशेबाचा सत्तेशी व समाजाशी असलेला संबंध हे जे केवळ विद्यापीठच शिकवू शकते, त्याला दुय्यम स्थान मिळाले.

मार्च २०२१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने सनदी लेखापाल, कंपनी सचिव आणि परिव्यय लेखापाल यांच्या अर्हता पात्रता परीक्षेला बसण्यापुरत्या पदव्युत्तर पदवीशी समकक्ष मानण्याचा निर्णय घेतला. शंभर वर्षांपूर्वी वेगळ्या झालेल्या रस्त्यांमध्ये हा पूल बांधला गेला. परंतु वाहतूक एकाच दिशेने आहे. सनदधारकाला अध्यापनाकडे येता येते. एम.कॉम. झालेल्याला सहीच्या अधिकाराकडे जाताना संस्थेच्या परीक्षा व उमेदवारी यांतूनच जावे लागते. २०१२ पासून वाणिज्य पदवीधरांना प्राथमिक परीक्षेविना थेट प्रवेश मिळू लागला, पण ती सवलत पदवीला आहे. पदव्युत्तर अभ्यासाला वेगळे वजन नाही.

अमेरिकेतील उलट प्रवास

तुलनेसाठी अमेरिकेचे उदाहरण उद्बोधक आहे. तेथे न्यूयॉर्क राज्याने १८९६ मध्ये प्रमाणित लोकलेखापालाचा पहिला कायदा केला आणि १९०० मध्ये व्यावसायिकांच्याच पुढाकाराने न्यूयॉर्क विद्यापीठात वाणिज्य व लेखा यांची शाळा निघाली. व्यवसाय विद्यापीठाकडे गेला. फ्लोरिडा राज्याने १९८३ मध्ये परवान्यासाठी पदवीच्या पलीकडचे पाचवे वर्ष आवश्यक केले आणि पुढे १५० श्रेयांक-तासांची ही अट जवळपास सर्व राज्यांत पसरली. अनेक विद्यार्थी ती पदव्युत्तर पदवीने पूर्ण करीत. तथापि वाढता खर्च आणि घटती विद्यार्थीसंख्या यांमुळे या अटीवर टीका होत राहिली. ओहायो राज्याने जानेवारी २०२५ मध्ये पदवी व दोन वर्षांचा अनुभव असा पर्यायी मार्ग कायद्याने मान्य केला आणि इतर राज्येही त्या दिशेने वळली.

म्हणजे पदवी परवान्याला बांधली की तिला आपोआप प्रतिष्ठा लाभते, असेही नाही. पाचव्या वर्षात जे शिकविले जाते ते अनुभवाने शिकता येण्याजोगे असेल, तर ते वर्ष विद्यार्थ्याला भुर्दंड वाटू लागते.

सहकार : महाराष्ट्रातील तिसरा मार्ग

महाराष्ट्रात या दोन रस्त्यांखेरीज एक तिसरी पायवाट आहे आणि वाणिज्य विभागांनी तिच्याकडे अधिक गांभीर्याने पाहावयास हवे. साखर कारखाने, पतसंस्था, दूध संघ आणि गृहनिर्माण संस्था यांचे हिशेब तपासण्यासाठी राज्याच्या सहकार खात्यामार्फत शासकीय सहकार व लेखा पदविकेची परीक्षा घेतली जाते. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात २०१३ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर प्रमाणित लेखापरीक्षकाच्या व्याख्येत विद्यापीठाची पदवी, ही पदविका, संस्थांच्या लेखापरीक्षणाचा किमान तीन वर्षांचा अनुभव आणि मराठीचे व्यावहारिक ज्ञान यांचा समावेश झाला. १९२० मध्ये मर्यादित प्रमाणपत्रांबरोबर गेलेली भाषेची अट येथे वेगळ्या रूपाने परतली आहे. गावातील सोसायटीचे इतिवृत्त, ठराव आणि वहीतील शेरा वाचता आल्याशिवाय तिचे लेखापरीक्षण होऊ शकत नाही, ही साधी वस्तुस्थिती कायद्याने मान्य केली.

या क्षेत्रात संशोधनाची निकड किती आहे हे सांगण्यासाठी अलीकडची उदाहरणे पुरेशी आहेत. जानेवारी २००९ मध्ये सत्यम कंपनीच्या ताळेबंदातील सुमारे ५,०४० कोटी रुपयांची रोकड व बँकशिल्लक फुगविलेली असल्याची कबुली तिच्या अध्यक्षांनीच दिली. सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबईतील पंजाब व महाराष्ट्र सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले आणि हजारो ठेवीदार स्वतःच्या पैशासाठी रांगेत उभे राहिले. दोन्ही ठिकाणी ताळेबंदाखाली परवानाधारकांच्या सह्या होत्या. सही का फसली, हा प्रश्न परवाना देणारी संस्था शिस्तीच्या अंगाने विचारते. तो प्रश्न शास्त्राच्या अंगाने विचारणे हे विद्यापीठाचे काम आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. लेखाशास्त्रातील पदवी आणि परवाना यांची फारकत १९१४ ची प्रमाणपत्र व्यवस्था, १९१८ ची शासकीय पदविका आणि १९४९ चा अधिनियम यांतून टप्प्याटप्प्याने घडली. एम.कॉम.चे अस्थिर स्थान हा तिचा परिणाम आहे. विद्यार्थ्यांच्या किंवा अध्यापकांच्या उणिवेपुरता तो मर्यादित नाही.

२. परवान्याच्या मार्गाने व्यवसायाला दर्जा दिला; पदवीच्या मार्गाने संधीचा विस्तार केला. दोहोंपैकी एकाचे मोल दुसऱ्याच्या मापाने ठरविणे योग्य नव्हे.

३. सनदी परीक्षेचे विषय सौम्य रूपात पुन्हा शिकविणारा पदव्युत्तर अभ्यासक्रम फार काळ टिकणार नाही. चार वर्षांच्या पदवीनंतर एका वर्षाच्या पदव्युत्तर शिक्षणाची तरतूद २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने केली आहे. हाती असलेले ते एक वर्ष कशासाठी वापरावे, याचा निर्णय अभ्यासमंडळांना करावा लागेल.

४. मोडी दफ्तरांतील जमाखर्च, सहकारी संस्थांचे हिशेब आणि लेखापरीक्षणातील अपयशाची कारणमीमांसा ही महाराष्ट्रातील वाणिज्य विभागांना उपलब्ध असलेली संशोधनक्षेत्रे आहेत. त्यांसाठी लागणारी साधने मुंबई-पुण्याबरोबरच प्रत्येक तालुक्याच्या सोसायटीत पडून आहेत.

२०२२ च्या नियमावलीने एम.फिल. पदवी बंद केल्यानंतर पदव्युत्तर वर्ग आणि पीएच.डी. यांच्यामधील पायरी नाहीशी झाली आहे. त्यामुळे संशोधनाची पहिली सवय एम.कॉम.च्या वर्गातच लावावी लागणार आहे. ताळेबंदाखाली सही करण्याचा अधिकार विद्यापीठाकडे नाही आणि तो नजीकच्या काळात येण्याची चिन्हेही नाहीत. त्या सहीमागे काय दडले आहे हे तपासणारा अभ्यासक मात्र विद्यापीठातच घडू शकतो, आणि त्यासाठी कोणत्याही कायद्याच्या दुरुस्तीची वाट पाहावी लागत नाही.